जिव्हाळी राखून: मांजराची नखे घरच्या घरी कापण्याची रीत

मृगाचा पाऊस धरला की आमच्या घरातल्या मांजरांचा मुक्काम बदलतो. उन्हाळाभर ज्यांचा दिवस फणसाच्या खोडावर, चिऱ्यांच्या गडग्यावर आणि कौलांवर जातो, ती मांजरे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून पडवीतल्या गोधडीवर, माळ्यावरच्या कणगीमागे आणि चुलीच्या उबेला येऊन बसतात. पुढचे तीन-साडेतीन महिने त्यांचे झाडावर चढणे जवळजवळ बंद होते. नखे मात्र आपल्या गतीने वाढतच राहतात. जुलै संपता संपता ती सतरंजीच्या दोऱ्यांत अडकू लागतात, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून मांजर गेले तर ओरखडा उठतो, आणि फरशीवरून चालताना बारीक टकटक ऐकू येऊ लागते. हा आवाज कानावर आला म्हणजे नखे पाहण्याची वेळ झाली, असे समजावे.

आमचे गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगत आहे. कुत्र्या-मांजरांसाठी वेगळा दवाखाना जवळपास नाही, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशींचे काम मोठे असते, आणि मांजराला टोपलीत घालून एसटीने नेणे म्हणजे पाच मिनिटांच्या कामासाठी त्या जिवाला दिवसभर धास्तावून ठेवणे आहे. म्हणून मी हे काम शिकले, आणि गेली अकरा वर्षे घरातल्या मांजरांची नखे मीच कापते. शिकताना झालेली चूक पुढे लिहिली आहे, कारण ती वाचून एखाद्या मांजराची वेदना टळली तर मला समाधान वाटेल.

कोणाची नखे कापावीत

सर्वच मांजरांची नखे कापण्याची गरज नसते, हे आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. जे मांजर दिवसरात्र बाहेर हिंडते, झाडावर चढते आणि रात्री वाडीत उंदीर धरते, त्याच्या नखांची झीज आपोआप होते. शिवाय अशा मांजराला नखांची खरी गरज असते. भटके कुत्रे मागे लागले असता माडावर दोन पुरुष उंच चढून जाता येणे, एवढाच त्याच्या बचावाचा मार्ग असतो, आणि बोथट नखांनी माडाच्या गुळगुळीत खोडाला पकड मिळत नाही. अशा मांजराची नखे केवळ पाहावीत, कापू नयेत.

याउलट रत्नागिरी, चिपळूण किंवा अलिबागसारख्या ठिकाणी सदनिकेत राहणारे, दाराबाहेर कधीही न जाणारे मांजर असेल, तर दर दोन ते तीन आठवड्यांनी पुढच्या पायांची नखे पाहून टोके काढणे योग्य ठरते. खेडेगावातली बहुतेक मांजरे या दोहोंच्या मधली असतात, अर्धी घरातली आणि अर्धी वाडीतली. त्यांच्याबाबतीत मी ऋतू पाहते. पावसाळ्यात, मांजर घरातच असताना, तीन आठवड्यांनी एकदा टोके काढते. दसऱ्याच्या सुमारास ते पुन्हा बाहेर जाऊ लागले की कात्री बाजूला ठेवून देते.

पिल्लांची नखे सुईसारखी तीक्ष्ण असतात आणि लवकर वाढतात, त्यामुळे ती आठवड्याला एकदा पाहावीत. पिल्लू जितके लहान, तितकी सवय लवकर लागते. म्हणूनच दोन महिन्यांच्या पिल्लाचे एखादेच टोक काढले तरी त्याचा उपयोग त्या नखापुरता राहत नाही. पुढची पंधरा वर्षे ते मांजर पंजा हातात देते.

काही जण नखे कायमची काढून टाकता येतात का, असे विचारतात. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडावरून वाढते, म्हणून ते कायमचे काढायचे तर ते हाडच पेरापासून तोडावे लागते. आपल्या प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर कापण्यासारखेच ते आहे. सोफा वाचवण्यासाठी असे करणे क्रूर आहे, आणि त्याचा विचारही करू नये.

नख आतून कसे असते

मांजराच्या पुढच्या प्रत्येक पायाला पाच आणि मागच्या प्रत्येक पायाला चार अशी एकूण १८ नखे असतात. क्वचित एखाद्या मांजराला जन्मतःच जास्त बोटे असतात. त्याची नखेही तितकी अधिक. पुढच्या पायाचे पाचवे बोट आतल्या बाजूला, थोडे वर असते. त्याला आपण अंगठा म्हणू. हे बोट चालताना जमिनीला टेकत नाही, त्यामुळे त्याच्या नखाची झीज सर्वांत कमी होते, आणि केसांत झाकलेले असल्यामुळे लक्षही सर्वांत शेवटी तिकडे जाते.

मांजर स्वस्थ बसलेले असताना लवचीक बंध नखाला मागे ओढून कातडीच्या घडीत झाकून ठेवतात, आणि पंजा मारायचा किंवा चढायचे असते तेव्हा स्नायूंच्या ओढीने नख बाहेर येते. म्हणजे नखे आत ठेवायला मांजराला कष्ट पडत नाहीत, बाहेर काढायला पडतात. आपण बोटाच्या वर आंगठा आणि खालच्या गादीवर तर्जनी ठेवून हलकेच दाबले की हेच नख सरळ बाहेर येते. नखे कापण्याची सगळी कला या एका दाबावर उभी आहे.

बाहेर आलेले नख उजेडाकडे धरून पाहिले, तर टोकाकडचा भाग दुधी, अर्धपारदर्शक दिसतो आणि मुळाकडे एक गुलाबी त्रिकोण दिसतो. त्या गुलाबी भागात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपले नख खोल कापले गेले की आमची आजी ‘जिव्हाळी लागली’ असे म्हणत असे. मांजराच्या नखातल्या या भागालाही मी जिव्हाळीच म्हणते, कारण याहून नेमका शब्द मला माहीत नाही. जिव्हाळीला पाते लागले तर रक्त येते आणि मांजराला तीव्र वेदना होते. तिच्यापुढचा भाग मात्र आपल्या नखाच्या वाढलेल्या कडेसारखाच निर्जीव असतो, तो कापल्याचे मांजराला कळतही नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यामुळे अनेक जण घाबरतात. मांजराचे नख कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरांचे बनलेले असते, आणि वरचा जुना थर ठरावीक काळाने टरफलासारखा गळून पडतो. केर काढताना नखाच्या आकाराचे पोकळ, वाकडे टरफल सापडले, तर नख उपटले गेले असे समजू नये. आतून नवे आणि अधिक तीक्ष्ण नख वर आलेले असते. मांजर खोड किंवा दोरी ओरबाडते त्याचे एक कारण हे टरफल काढणे हे आहे. अंग ताणणे आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी ठेवून आपली हद्द सांगणे ही इतर कारणे आहेत.

साधने आणि खारी हवा

मांजरांसाठी मिळणारी, पात्यांना अर्धगोल खाच असलेली लहान कात्री सर्वांत सोयीची आहे. त्या खाचेत नख नेमके बसते आणि निसटत नाही. अडकित्त्यासारखे एक पाते सरकून कापणारे कटरही मिळतात, पण त्यांच्या भोकात नख घालताना मांजर हलले तर किती आत गेले हे दिसत नाही, म्हणून नवख्या माणसाने ते घेऊ नयेत. लहान पिल्लासाठी आपला साधा, धारदार नेलकटर चालतो. मोठ्या मांजराचे जाड नख मात्र त्यात दाबले जाऊन चिरते.

धार ही येथे चैनीची गोष्ट नाही. बोथट पाते नख कापत नाही, चेमटवते. त्या चेमटण्याने आतल्या जिव्हाळीवर दाब येतो आणि पुढच्या वेळी मांजर कात्री पाहूनच पळते. आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत पाते एका पावसाळ्यात गंजते, हे मी दोन कात्र्या घालवून शिकले. आता प्रत्येक वापरानंतर मी पाते कोरड्या फडक्याने पुसते, त्याला खोबरेल तेलाचा एक थेंब चोळते आणि कात्री घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. वापरण्यापूर्वी ते तेल पुसून टाकावे.

कात्रीशेजारी एका वाटीत मक्याचे पीठ, थोडा स्वच्छ कापूस आणि एक जुना, मऊ पंचा ठेवावा. औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर मिळते. ती असेल तर उत्तमच. हे सर्व मांजराला मांडीवर घेण्याआधी हाताशी असले पाहिजे. रक्त आल्यावर स्वयंपाकघरात पीठ शोधायला उठलो, तर मांजर तोपर्यंत माळ्यावर गेलेले असते.

खाऊ म्हणून उकडलेल्या, मीठ न घातलेल्या माशाचे काटे काढलेले लहान तुकडे ठेवावेत. बांगडा असेल तर मांजराला दुसरे काही सुचत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि ताजा मासा दुर्मीळ होतो. त्या दिवसांत मी सुका जवळा दोनदा धुऊन, पाण्यात भिजवून त्याचा खारटपणा कमी करते आणि चिमूटभरच देते. आमटीतला किंवा कालवणातला मासा मात्र देऊ नये. कांदा आणि लसूण यांमुळे मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट होतात, आणि कालवणात ते दोन्ही असतात.

आधी सवय, मग कात्री

माझ्या मते या कामाचा नव्वद टक्के भाग कात्री हातात घेण्याआधीच पूर्ण होतो. ज्यांना नखे कापणे जमत नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हा भाग वगळलेला असतो.

पहिले तीन-चार दिवस मांजर जेवून सुस्तावले असताना त्याच्याजवळ बसावे आणि एकेक पंजा दोन-तीन सेकंद नुसता हातात धरून सोडावा, लगेच खाऊ द्यावा. त्याने पंजा ओढून घेतला तर आपणही सोडून द्यावा. ओढाताण एकदा झाली की पंजाला हात लागणे म्हणजे ओढाताण, असे त्याच्या मनात पक्के बसते. पंजा शांतपणे हातात राहू लागल्यावर एक बोट दाबून नख बाहेर आणावे, पुन्हा आत जाऊ द्यावे आणि खाऊ द्यावा. एका दिवशी एक किंवा दोन बोटे पुरेत.

त्यानंतर आवाजाची सवय करावी. कात्रीचा कट् असा आवाज मांजराला दचकवतो. मी माडाच्या हिराचे बोटभर तुकडे घेते, मांजर शेजारी बसलेले असताना एकेक तुकडा कात्रीने कापते आणि प्रत्येक आवाजानंतर खाऊ पुढे करते. हीर कापल्याचा आवाज नख कापल्याच्या आवाजाशी बराच जुळतो. चार-पाच दिवसांत मांजर त्या आवाजाला दचकण्याऐवजी खाऊची वाट पाहू लागते. एखाद्या मांजराला या साऱ्यासाठी आठवडा पुरतो, एखाद्याला महिना लागतो. मोठेपणी रस्त्यावरून आलेल्या मांजराला त्याहूनही जास्त वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यावा.

प्रत्यक्ष कापणे

दुपारची, जेवणानंतरची वेळ निवडावी. भिंतीला पाठ टेकून, सतरंजीवर, खिडकीतून किंवा पडवीतून स्वच्छ उजेड येत असेल अशा जागी बसावे. झोपाळ्यावर बसू नये. आमच्याकडे झोपाळा ही मांजराची आवडती जागा आहे, पण पाते नखावर असताना आसन एक इंचही हलता कामा नये. मांजराला मांडीवर घ्यावे, त्याची पाठ आपल्या पोटाकडे आणि तोंड पुढे असावे. त्याला उताणे दाबून धरू नये आणि मानगूट पकडू नये. पिल्लाला त्याची आई तसे उचलते हे खरे असले, तरी मोठ्या मांजराला त्या पकडीत केवळ भीती वाटते.

डाव्या हाताने पुढचा एक पंजा घेऊन बोट वरून-खालून हलके दाबावे आणि नख बाहेर आले की गुलाबी त्रिकोण कोठे संपतो ते पाहावे. त्याच्यापुढे किमान दोन मिलिमीटर अंतर सोडून पाते ठेवावे. व्यवहारात याचा अर्थ असा की, नखाचे टोक जेथून आकड्यासारखे खाली वळते, तो सुईसारखा शेवटचा भाग तेवढा कापायचा असतो. कापलेला तुकडा तांदळाच्या कणीपेक्षा मोठा दिसला, तर आपण जास्त कापत आहोत असे समजावे. पाती नखाच्या वर आणि खाली येतील अशा बेताने कात्री धरावी, म्हणजे काप वरून खाली जातो. मांजराचे नख दोन्ही बाजूंनी चपटे असते. ते उजव्या-डाव्या बाजूंनी दाबले तर उभे चिरण्याची शक्यता असते. पाते जागेवर बसल्यावर थांबू नये, एकाच दाबात कापून कात्री दूर करावी.

एका बैठकीत सर्व १८ नखे कापलीच पाहिजेत, असा कोणताही नियम नाही. मांजराने दोन नखे कापू दिली तर दोन कापावीत आणि खाऊ देऊन त्याला जाऊ द्यावे. उरलेली उद्या किंवा परवा होतील. मी कालनिर्णयावर त्या दिवसाच्या चौकटीत कोणत्या पायाची किती नखे झाली याची खूण करते, त्यामुळे विसर पडत नाही. कान आडवे झाले, शेपूट जमिनीवर आपटू लागली, पाठीची कातडी थरथरली किंवा घशातून बारीक गुरगुर आली, तर त्याच क्षणी थांबावे. यापैकी पहिले लक्षण दिसताच थांबणारा माणूस चावला जात नाही. ‘एवढे एकच नख राहिले आहे’ असे म्हणणारा चावला जातो.

दुसरे माणूस मदतीला असेल तर त्याने मांजराला जखडून धरण्याऐवजी त्याच्या तोंडापुढे खाऊ धरावा. फार चुळबुळ करणाऱ्या मांजराला पंचात सैल गुंडाळून एकच पंजा बाहेर काढता येतो. पण कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात असे गुंडाळणे टाळावे, आणि मांजर पंचातही झगडू लागले तर तो प्रयत्न तेथेच सोडून द्यावा.

मागच्या पायांची नखे जाड, आखूड आणि कमी तीक्ष्ण असतात, शिवाय मांजर ती स्वतःच दातांनी सोलत असते. त्यांना बहुधा हात लावावा लागत नाही. लावायचाच झाला तर पाय मागे किंवा बाहेर ओढू नये, जेथे आहे तेथेच पंजा धरावा.

नख काळपट असेल तेव्हा

बहुतेक मांजरांची नखे फिकट असतात आणि जिव्हाळी सहज दिसते. काहींची मात्र गडद, तपकिरी असतात. अशा नखामागे मोबाइलचा टॉर्च धरला तर पुष्कळदा आतली सावली दिसते आणि ती कोठे संपते याचा अंदाज येतो. तरीही दिसली नाही, तर त्या नखाचे केवळ अणकुचीदार टोक, जेमतेम एक मिलिमीटर, काढावे. त्याच मांजराचे एखादे फिकट नख असेल तर त्यातली जिव्हाळी किती लांब आहे ते पाहून काळ्या नखाचा अंदाज बांधता येतो.

माझी चूक याच बाबतीत झाली. सात वर्षांपूर्वी जुलैतल्या एका संध्याकाळी, वीज गेलेली असताना, मी दाराशी उरलेल्या मंद उजेडात आमच्या काळ्या बोक्याची नखे कापायला घेतली. पाऊस दोन दिवस उघडलेला नव्हता, त्याच्या नखाने नातीच्या गालावर ओरखडा उठला होता, आणि काम आजच उरकावे असे माझ्या मनाने घेतले होते. तिसऱ्या नखाला जिव्हाळी लागली. तो किंचाळला, माळ्यावर गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली आला नाही. रक्त थोड्याच वेळात थांबले असावे, कारण शिडीवर चारच थेंब होते. पण त्याने पुन्हा पंजा हातात द्यायला मला अडीच महिने लागले. त्या दिवसापासून दिवेलागणीनंतर मी कात्री हातात घेत नाही.

रक्त आले तर

घाबरून ओरडू नये, मांजराला सोडून देऊ नये आणि त्याच्यावर रागावू नये. कापूस किंवा पंचाचे टोक नखाच्या टोकावर हलक्या पण स्थिर दाबाने तीन ते पाच मिनिटे धरावे, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. मक्याचे पीठ किंवा स्टिप्टिक पावडर असेल तर चिमूटभर पीठ नखाच्या टोकाला लावून मग दाबावे. जवळजवळ नेहमी एवढ्याने रक्त थांबते. पुढचे काही तास मांजराला चिखलात जाऊ देऊ नये. पंधरा मिनिटे दाबूनही रक्त वाहत राहिले, तर पशुवैद्याला दाखवावे. राज्यात पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, तेथूनही जवळच्या सरकारी दवाखान्याविषयी विचारता येते.

घरात जखमेवर जे जे लावण्याची पद्धत आहे, त्यातले काहीही येथे लावू नये. रॉकेल, चुना, तंबाखू, फिनेल आणि माणसांसाठीची डेटॉलसारखी जंतुनाशके मांजराला घातक आहेत, कारण मांजर पंजा चाटून स्वच्छ करते आणि पंजावर लावलेले सर्व पोटात जाते. फिनॉलच्या जातीची द्रव्ये निकामी करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. याच कारणाने त्याला दुखत असेल म्हणून पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. माणसाला साधी वाटणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

ओरखडा आपल्याला उठला तर

या विषयावर गावाकडे अजूनही हयगय होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. मांजर चावल्याने रेबीज होऊ शकतो, आणि ते पंजे चाटत असल्यामुळे रक्त येईल असा ओरखडाही हलका समजू नये. जखम तत्काळ वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण अंदाजाने धुतलेली १५ मिनिटे प्रत्यक्षात दोनच भरतात. हळद, चुना, मिरची, तेल यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या आणि धनुर्वाताच्या लशीविषयी विचारावे. रेबीजची लस सुरू झाली तर सर्व मात्रा ठरलेल्या दिवशी पूर्ण कराव्यात; त्वचेत दिल्या जाणाऱ्या लशीचे दिवस पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ असे असतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की उपचार जवळपास हाती राहत नाही.

मांजराचे दात बारीक पण लांब असतात, त्यामुळे चाव्याची जखम वरून सुईच्या टोकाएवढी दिसली तरी आत खोल जाते आणि एका दिवसात बोट सुजून लाल होऊ शकते. अशी सूज आली तर वाट पाहू नये. मांजराला तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस देऊन पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे ती पुन्हा देत राहणे हा या चिंतेवरचा खरा उपाय आहे. त्याच्या अंगावरच्या पिसवांकडेही दुर्लक्ष करू नये, कारण ओरखड्यातून माणसाला होणाऱ्या एका तापाचे जंतू पिसवांच्या विष्ठेतून मांजराच्या नखांपर्यंत पोहोचतात.

ओरबाडण्यासाठी खांब

नखे कापली म्हणून मांजर ओरबाडणे थांबवत नाही आणि थांबवूही नये. त्याला त्याची जागा दिली, तर खुर्च्या आणि पडदे वाचतात. आपल्याकडे यासाठी बाजारातून काही आणण्याची गरज नाही. पोफळीचा किंवा सुरूचा, हाताच्या मनगटाहून जाड, सुमारे तीन फूट उंच ओंडका घ्यावा, त्याला वरपासून खालपर्यंत काथ्याची जाड दोरी एकाला एक चिकटून घट्ट गुंडाळावी, आणि तो जड फळीवर पक्का ठोकावा. उंची इतकी हवी की मांजराला मागच्या पायांवर उभे राहून पूर्ण ताणता येईल, आणि खांब तसूभरही डुलता कामा नये. एकदा अंगावर कलंडलेल्या खांबाकडे मांजर पुन्हा फिरकत नाही. सिंथेटिक दोरी वापरू नये, तिच्या तंतूंत नख अडकते. खांब कोपऱ्यात न ठेवता मांजर झोपून उठते त्या जागेजवळ ठेवावा, कारण उठल्याबरोबर ताणून ओरबाडणे ही त्याची सवय असते.

आजारी आणि म्हातारी मांजरे

बोट सुजलेले, लाल किंवा ओले दिसत असेल, नखाच्या मुळाशी घाण वास येत असेल, नख मुळातून तुटले असेल किंवा एकाच वेळी अनेक नखे ठिसूळ होऊन चिरत असतील, तर घरी कात्री लावू नये. पावसाळ्यात पंजा सतत ओला राहिल्याने मांजर बोटांच्या बेचक्या चाटत राहते आणि तेथली कातडी हुळहुळी होते. बाहेरून आल्यावर पंजे कोरड्या पंचाने टिपण्याची सवय ठेवली तर हे बरेचसे टळते. केस गोल चट्ट्यात गळत असतील तर ती दाद, म्हणजे नायटा, असू शकते, आणि ती माणसालाही लागते.

दहा-बारा वर्षांपुढच्या मांजराकडे मात्र दर आठवड्याला पाहावे. सांधे दुखत असल्यामुळे ते चढत नाही, ओरबाडत नाही, जुनी टरफले गळत नाहीत, आणि नख जाड होऊन गोल वळत जाते. आमच्या शेजारच्या आक्कांचे चौदा वर्षांचे मांजर गेल्या वर्षी लंगडू लागले. काटा रुतला असेल म्हणून घरच्यांनी चार दिवस तळवा पाहिला, पण काटा सापडेना. अखेर आम्ही केस बाजूला करून पाहिले, तेव्हा पुढच्या डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण वळून गादीत शिरलेले दिसले आणि तेथे पू झाला होता. असे रुतलेले नख घरी ओढून काढू नये. ते कापून जखम धुणे आणि औषध ठरवणे हे पशुवैद्याचे काम आहे, आणि आक्कांनी त्याला तिकडेच नेले. जखम दोन आठवड्यांत भरली. तेव्हापासून दर रविवारी सकाळी, पडवीत ऊन आले की आक्का चष्मा लावून त्याला मांडीवर घेतात आणि बाकी काही पाहण्याआधी दोन्ही अंगठे उजेडात धरून पाहतात.